माईक बंद असलेल्या कॅमेऱ्याची तक्रार मागे घेण्याबाबत

नाव: भिंगकाका (दुकानाच्या पाटीवर, गल्लीत आणि टपालावरही हेच). वय: ५९ वर्षे. धंदा: जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणे. राहणार: दुकानाच्याच वरच्या मजल्यावर.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगतो की, काल दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी मी याच टेबलावर माझ्या दुकानातून एक कॅमेरा चोरीस गेल्याची तक्रार दिली होती. ती मला मागे घ्यायची आहे. चोरी झालेली नाही. साहेबांनी विचारलं, "मग काल एवढा घसा कोरडा करून काय सांगत होता?" त्यावरून पहिल्यापासून सांगतो.

सुमारे तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी २ च्या सुमारास एक जोडपं माझ्या दुकानात आलं. पुरुष आमच्या गल्लीच्या टोकाला कपडे शिवतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वय पासष्टच्या पुढे, गळ्यात टेप. सोबत त्यांची पत्नी, त्या काजं-बटणं करतात. त्यांना मी पुढे बाई म्हणेन. मास्तर म्हणाले, "व्हिडिओ काढायला कॅमेरा पाहिजे. स्वस्तातला, पण चांगला." हे वाक्य मी रोज ऐकतो. खिशात किती आहेत हे मी कुणालाच आधी विचारत नाही, काय काढायचंय ते विचारतो. कुणी लग्न सांगतं, कुणी पोरं सांगतं, एकाने कासव सांगितलं होतं. मास्तर म्हणाले, "हात."

शिवणकामाचे व्हिडिओ असतील असं समजून मी उत्तम माईकचा कॅमेरा काढला आणि आवाज या विषयावर दहा मिनिटं बोललो. लोक चित्राच्या मागे लागतात आणि आवाजाकडे बघत नाहीत, वेगळा माईक जोडायची सोय हवीच, कानाला लावून तपासता आलं पाहिजे, वगैरे. हे माझं ठरलेलं भाषण आहे आणि ते मला आवडतं. बाई तेवढ्या वेळात कपाटातल्या मालाच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. भाषण संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "काका, आवाज काढून टाकला तर किती कमी कराल?" शर्टाला कॉलर नको असं सांगावं, तशा सुरात. मी मोठ्याने हसलो. मग मला बाईंच्या कानामागचं मशीन दिसलं आणि हसता हसता मी ओशाळलो.

मास्तरांनी जे सांगितलं ते असं. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परदेशात आहे. त्याची मुलगी एकोणीस महिन्यांची आहे. तिला ऐकू येत नाही हे तीन महिन्यांपूर्वी कळलं. बाईंनाही जन्मापासून ऐकू येत नाही. त्या आणि त्यांची थोरली बहीण लहानपणी घरातल्या घरात हातांनी बोलायच्या. शाळेत पुढे शिकवलं ते वेगळं, हे दोघींचं स्वतःचं. बहीण आता नाही. ती बोली मास्तरांना येते आणि मुलाला येते, पण मुलगा विसरत चालला आहे. मास्तरांबद्दल बाईंचं मत असं की, त्यांचे हात बोबडे आहेत. हे मास्तरांनीच मला सांगितलं आणि सांगताना लाजले.

डॉक्टरांनी मुलाला बजावलं होतं की, भाषा रुजायची हीच वर्षं, पोरीला आता शब्द मिळाले पाहिजेत. म्हणून बाईंना नातीसाठी रोज थोडे शब्द काढून पाठवायचे होते. फोनवर त्यांनी करून पाहिलं होतं. ते मला दाखवलं. खोलीत उजेड कमी, आणि हात हलला की चित्रात बोटं पुसली जात होती. एका ठिकाणी मी एका हाताची बोटं मोजली, ती अकरा भरली. "पोरीला वाटेल आजी म्हणजे पंखा," असं मास्तर म्हणाले. बाई हसल्या नाहीत. नात त्यांचा व्हिडिओ तीन-चार सेकंद बघते आणि तोंड फिरवते, असं मुलाने कळवलं होतं.

त्यानंतर मास्तरांच्या जेवणाच्या सुट्टीत, २ ते ३ या वेळेत, ते दोघं एकूण आठ वेळा आले. मी सात कॅमेरे दाखवले. तपासायला बाई दर वेळी एकच शब्द करायच्या: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून झरकन सोडवायची आणि पुढे उडवायची. त्याचा अर्थ पाखरू. बाईंनी नातीला ठेवलेलं नावही तेच. पहिल्या कॅमेऱ्यात पाखराचं धुकं झालं. दुसऱ्यात हात पुढे आला की कॅमेरा गडबडून मागची भिंतच नीट दाखवायचा. तिसऱ्यात बोटं सुटी दिसली, पण खोलीत दिवे गेल्यासारखा अंधार. एकाचा पडदा पुढच्या बाजूला वळत नव्हता, त्यामुळे आपले हात चौकटीत आहेत की बाहेर हे बाईंना कळेना. एक सगळ्या परीक्षांत पास झाला. त्याची किंमत ऐकून मास्तर माझ्या छताकडे बघू लागले, म्हणून मी तो आपण होऊन आत ठेवला.

पस्तीस वर्षं मी या धंद्यात आहे, पण माणसाच्या बोटांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या भेटीपासून मी पावणेदोनला तीन कप चहा टाकू लागलो. बाईंनी मला माझं नाव हाताने करून दाखवलं, ते मला फार आवडलं. जबाबात हे बसत नसेल तर साहेबांनी खुशाल काढून टाकावं. (साहेब म्हणाले, राहू द्या.)

आठव्या भेटीत, म्हणजे परवा, बाईंनी माझी बाही ओढून तिसऱ्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे एक कॅमेरा आहे. अंगावर ओरखडे आहेत, पण कमी उजेडात त्याच्यासारखं स्वच्छ चित्र माझ्या दुकानात दुसरा देत नाही. त्याच्या माईकमध्ये पाणी गेलं आणि तो भाग आता मिळत नाही. त्याच्यासमोर फळीवर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी उभी केली होती: "माईक बंद. विक्रीसाठी नाही." मी मास्तरांना सांगितलं, "दोष असलेला माल मी विकत नाही. आजवर विकलेला नाही." मास्तर म्हणाले, "यात दोष कुठला?" हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी तत्त्वाचा माणूस आहे अशी माझी समजूत आहे, आणि ती त्या दिवशी माझ्या डोक्यात बसली होती. मी हट्टाला पेटलो. बाईंचे हात फार वेगाने चालले. काय म्हणतात, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "ते मी सांगणार नाही. आपल्याला एकाच गल्लीत राहायचंय." दोघं चहा न घेता गेले.

काल सकाळी ११ पासून मी मागच्या खोलीत एक लेन्स उघडून बसलो होतो. असं काम अर्धवट टाकून उठता येत नाही, स्क्रू तांदळाच्या कणीएवढे असतात. रेडिओ मोठ्याने चालू होता. १ वाजून १५ मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तर तिसऱ्या फळीवर कॅमेरा नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाला कुलूप लावून मी तडक इथे आलो. कुणावर संशय आहे का, असं साहेबांनी विचारलं असता मी "कुणावर नाही" असं सांगितलं. ते खरं नव्हतं. माझ्या मनात बाई आल्या होत्या. कुणीतरी अट्टल चोर निघू दे, असं मी वाटभर देवाला विनवत आलो होतो.

परत गेल्यावर, २ वाजून ३० मिनिटांनी, मी तिसरी फळी नीट पाहिली. दिवसभर केसाएवढा ओरखडा शोधणारा माणूस मी, पण समोरची वस्तू मला दिसली नव्हती. चिठ्ठीच्या मागे अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं बाईंचं कानाचं मशीन होतं. सोबत वहीचा कागद. त्यावरचा मजकूर जसाच्या तसा असा: "दोनदा टेबल वाजवला. तुम्हाला ऐकू आलं नाही. आमच्या खिडकीत ऊन बारा ते दोन असतं म्हणून थांबत नाही. घरी बघून परत आणते. तोवर माझं मशीन ठेवून घ्या. मला त्याचा फार उपयोग नाही, पण महाग आहे." कागद या जबाबाला जोडला आहे.

मी मशीन खिशात घालून मास्तरांच्या घरी गेलो. वेळ पावणेतीन. दार उघडं होतं. मी दार वाजवलं, पण मास्तरांना वळता येत नव्हतं. खिडकीतलं ऊन सरलं होतं, म्हणून ते दोन्ही हात वर करून पांढऱ्या कापडाचं अख्खं ठाण उलगडून उभे होते आणि राहिलेला उजेड बाईंच्या हातांवर पाडत होते. त्यांचे खांदे थरथरत होते. कॅमेरा दोऱ्यांच्या डब्यांवर ठेवला होता. बाई बोलत होत्या. खोलीत कसलाही आवाज नव्हता, आणि मी एवढं बोलणारं माणूस अलीकडे पाहिलेलं नाही. मी दारातच थांबलो.

काम संपल्यावर मास्तरांनी मला पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "आणतच होतो, काका." मी म्हटलं, "ते राहू द्या, आधी चित्र दाखवा." नऊ शब्द निघाले होते. प्रत्येक बोट सुटं. सुई टोचून घट्टे पडलेली बोटाची टोकंही दिसत होती. मी बाईंसमोर हात जोडले. त्यांनी ते हात धरून सोडवले आणि एक शब्द केला. त्याचा अर्थ मास्तरांनी "गाढव" असा सांगितला. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

मशीन मी त्यांना परत दिलं. कॅमेरा त्यांना विकला आहे. पावतीवर "दोष: नाही" असं मी माझ्या अक्षरात लिहिलं आहे. कार्डावरचा व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेऊन संध्याकाळी ५ वाजता त्यांच्या मुलाला पाठवला.

आज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी माझ्या फोनवर मुलाकडून बावीस सेकंदांचा व्हिडिओ आला. मी तो एकट्याने पाहिला आणि होतो तसा, एका पायात चप्पल घालून, मास्तरांकडे गेलो. साहेबांनी विचारलं, याचा तक्रारीशी काय संबंध? माझ्या मते आहे. साहेबांनीही तो आत्ता इथे दोनदा पाहिला.

व्हिडिओत नात टेबलाशी उभी आहे. समोरच्या पडद्यावर बाई आहेत. नात शेवटपर्यंत बघते. पडदा काळा होतो. ती पडद्यावर थाप मारते, थांबते, मग डावी मूठ उजव्या तळव्यावर दोनदा टेकवून उघडते. बाईंच्या नऊ शब्दांत हा सातवा होता. हात उलटसुलट झाले आहेत, पण शब्द स्पष्ट आहे. त्याचा अर्थ आणखी. तिच्या आयुष्यातला हा पहिला शब्द, असं मास्तर सांगतात. शेवटच्या तीन सेकंदांत बाजूने एका मोठ्या माणसाचे दोन हात चौकटीत येतात, जरा चाचपडतात, आणि तोच शब्द करतात.

वरील जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांना मास्तरांनी तो सोबतच हातांनी सांगितला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली आहे. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.