प्रोसेसरला तेलाचा हात

सलोनी : कॉम्प्युटरचा पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि स्क्रीन काळीच. दहा मिनिटं झाली, बाबा.

जयवंत : नवीन आहे तो. लाजत असेल.

सलोनी : प्रोसेसर आहे तो, नवी नवरी नाही!

मालन : नवी नवरीपण दहा मिनिटं गप्प बसत नाय. मी पाचव्या मिनिटाला बोलले होते.

जयवंत : ती अजून थांबलेली नाही.

सलोनी : हसवू नका ना! सोमवारी सकाळी दहाला माझे गाइड सर जर्नलला पेपर पाठवणार. तोपर्यंत माझ्या झडपेचे आकडे आले तर पेपरवर माझं नाव, नाहीतर तेवढा भाग गाळून पेपर जाणार. दोन वर्षं गेली माझी त्यात.

मालन : कसली झडप गो?

सलोनी : हृदयात बसवतात ती. तिच्यातून रक्त जाताना भोवरे कुठे होतात, ते हे मशीन मोजणार. जुन्या प्रोसेसरला आठ दिवस लागले असते. नव्याला दोनसुद्धा नाहीत. म्हणून तर हा... थांबा. थांबा, थांबा. अरे देवा.

जयवंत : काय झालं?

सलोनी : बायोस! मदरबोर्ड जुना आहे, बाबा. त्याच्या आतल्या प्रोग्रामला हा नवा प्रोसेसर माहीतच नाही. जुना प्रोसेसर आत असतानाच तो प्रोग्राम अपडेट करायला हवा होता. आणि ते मॅन्युअलच्या चौथ्या पानावर ठळक अक्षरात छापलंय!

जयवंत : म्हणजे वॉचमनला नवा भाडेकरू माहीत नाही, म्हणून तो गेट उघडत नाही.

सलोनी : अगदी तेच.

जयवंत : मग ओळखीचा माणूस आत पाठव, वॉचमनला सांगायला लाव, मग नव्याला आण. जुना बसव परत.

सलोनी : हो, इथेच तर ठेवला होता टेबलावर. कुठे गेला?

जयवंत : जपून ठेवलाय मी.

सलोनी : कुठे?

जयवंत : त्या बिस्किटांच्या डब्यात. फडक्यात गुंडाळून.

सलोनी : फडकं ओलं का लागतंय?

जयवंत : तेल आहे.

सलोनी : तेल!

मालन : तरी म्हटलं, माझ्या शिवणमशीनच्या तेलाची बाटली अर्धी कशी झाली.

जयवंत : सतरा वर्षं मिलमध्ये फिटर होतो मी. मशीनमधून पार्ट निघाला की रॉकेलात धुवायचा, पुसायचा, तेलाचा हात मारायचा, फडक्यात बांधायचा. नाहीतर गंज धरतो. तू टाकला होतास उघडाच, चहाच्या कपाशेजारी.

सलोनी : रॉकेलात धुतलात?

जयवंत : रॉकेल मिळतं कुठे आता! शेजारी दीपककडेपण विचारून आलो.

सलोनी : विचारून आलात! बाबा, तुम्ही... आई, हे बघ, चकचकतोय कसा! तेल लावलेल्या पैलवानासारखा!

मालन : हसतेस की रडतेस?

सलोनी : मलाच कळत नाहीये.

जयवंत : गेला का गो तो? खरं सांग.

सलोनी : नाही. तेलातून वीज जात नाही, म्हणजे जळणार काही नाही. पण जिथे टेकायला हवं तिथे नीट टेकणारही नाही. या खालच्या सोनेरी टिकल्या दिसतात ना, सगळ्या स्वच्छ करायला हव्यात. ती स्पिरिटची बाटली द्या.

जयवंत : किती टिकल्या?

सलोनी : सतराशे.

मालन : मग मी आधी भात उतरवते.

सलोनी : एकेक नाही गं, एकदम पुसायच्या. पण एक धागासुद्धा राहता कामा नये.

जयवंत : माझं चष्म्याचं कापड घे. धुतलेलं आहे. जोर नको, गोल नको, एकाच दिशेने... हां. असं.

सलोनी : झालं. वीज बंद केली, नवा काढला. आता जुना तुम्ही बसवा.

जयवंत : मी?

सलोनी : सतरा वर्षांचा फिटरचा हात तुमचाच. खाली केसाएवढ्या पिना आहेत. एक वाकली तरी बोर्ड गेला. हा त्रिकोण या त्रिकोणावर. दाबायचं नाही, अलगद सोडायचं.

जयवंत : मालन, वरचा पंखा बंद कर. बोलू नको आता.

मालन : मी कुठे बोलतेय? मी तर म्हणत होते, हात धुतलेस काय?

जयवंत : धुतले. ...बसला.

सलोनी : बसला! आता लिव्हर खाली. जरा करकरेल.

जयवंत : करकरणारच. घट्ट होतोय तो. वर त्याचा पंखा चढव, आणि लाव स्विच.

सलोनी : आली! स्क्रीन आली! पेन ड्राइव्ह लावते... अपडेट सुरू. आता चार मिनिटं वीज जाता कामा नये. गेली तर बोर्ड कायमचा मेला. आई! काय करतेस तिकडे?

मालन : आमटीसाठी नारळाचं वाटप. मिक्सर लावते.

सलोनी, जयवंत : नको!

जयवंत : परवा त्याच मिक्सरने फ्यूज उडवला होता!

मालन : मग काय पाट्यावर वाटू?

जयवंत : वाट! मी वाटतो! तिरफळं कुठे आहेत?

सलोनी : बाबा, तुम्ही इथेच थांबा. एक्काहत्तर टक्के... ब्याऐंशी... आई, हलू नकोस.

मालन : मी हलले तर वीज जाते काय?

सलोनी : शंभर!

(जुना निघाला, नवा बसला, प्रोसेसर आणि पंखा यांच्या मधल्या पेस्टचा थेंब जयवंतनेच ठेवला.)

सलोनी : ओळखलं! नाव आलं, बघा! चोवीस कोअर! आता माझा प्रोग्राम... चालू. बाबा, हे चोवीस चौकोन भरताना दिसतात?

जयवंत : सगळे माग एकदम चालू लागले. मिलचं अख्खं खातं.

सलोनी : एकेचाळीस तास दाखवतोय. आज शनिवार, आत्ता दुपारचा एक वाजलाय, म्हणजे सोमवारी सकाळी सहाला आकडे हातात. चार तास शिल्लक!

मालन : मग आता तरी लावू मिक्सर?

सलोनी : आता समोरच्या लतिकामावशीकडे जाऊन लाव. चला बाबा, जेवून घेऊ.

जयवंत : तू जेव. नवा पार्ट टाकला की पहिली पाळी फिटरने मशीनशेजारी बसायचं असतं. आवाज बदलला तर कळतो.

सलोनी : पहिली पाळी म्हणजे आठ तास, बाबा.

जयवंत : ठाऊक आहे. पंचवीस वर्षांनी लागलीय.

सलोनी : मग थोडे सरका ना. आई, दोन ताटं इथेच दे.