सगळेच पत्रे लाल

(सहकारी साखर कारखान्याचं वर्कशॉप. एकच मोठा लेथ, त्यावर कामगार गहिनीनाथ; दारात उमापूरच्या सरपंच सिंधुबाई. शेजारी भिंतीवर, खिळ्यांना टांगलेले, कामांची नावं लिहिलेले छोटे पत्रे.)

गहिनीनाथ : परत लाल! सुंदरराव, तुमी फोरमन हाव का रंगारी?

सुंदरराव : अर्जंट कामाच्या पत्र्याला लाल रंग. पद्धत आहे आपली.

गहिनीनाथ : भिंतीवर एक पत्रा पांढरा ऱ्हायला न्हाई. लेथ एक. आधी कुनाचं घिऊ?

सुंदरराव : जे मशीनवर चढलंय ते. ऊस चिरडायच्या रोलरचा शाफ्ट.

सिंधुबाई : आन् उमापूरच्या पंपाचा? कवाधरनं तुमच्या दारात पडलाय, सायेब.

सुंदरराव : सरपंचबाई, तुमचा पत्रासुद्धा लालच केलाय की.

सिंधुबाई : रंगानं पानी चढतं व्हय टाकीत? अख्खं गाव त्या एका हिरीवर हाय.

सुंदरराव : टँकर येतोय ना?

सिंधुबाई : येतो. मंग बाया एकमेकींच्या झिंज्या धरत्यात. काल माझ्या धरल्या.

गहिनीनाथ : सरपंचाच्या?

सिंधुबाई : हासतो काय? तुझीच आत्या हुती त्यात!

गहिनीनाथ : मंग लई जोरात वढल्या आसतील. सुंदरराव, उतरवू का रोलरचा? बाईचं काम दुपारपस्तोर उरकतं.

सुंदरराव : हात लावू नको! शाफ्ट बरोबर मधोमध धरायलाच आख्खा दिवस गेलाय. काढला की पुन्हा पहिल्यापासून. गाळपाच्या हंगामाआधी रोलर बसलाच पाहिजे, चेअरमन रोज विचारतात.

सिंधुबाई : कंचा हंगाम?

गहिनीनाथ : बाई, जाऊ द्या...

सिंधुबाई : न्हाई, इचारते. येताना बगितलं, ट्राल्या भरून ऊस चारा छावनीला चाललाय. जनावरांम्होरं.

गहिनीनाथ : माझा बी गेला. मंगळवारी.

सुंदरराव : तुझा? बोलला नाहीस.

गहिनीनाथ : तुमी तरी कुठं बोललात? तुमचा फड मोकळा दिसला मला.

सुंदरराव : ...हा शाफ्ट फिरतोय तोवर वर्कशॉप आहे, गहिनीनाथ. तुझा पगार आहे, माझा आहे.

गहिनीनाथ : म्हनून तर मी बी हळूहळू फिरवतोय.

सिंधुबाई : चलते मी. बायांना काय सांगायचं ते बगते.

सुंदरराव : थांबा, बाई. गहिनीनाथ, उतरव.

गहिनीनाथ : आन् चेअरमननी इचारलं, कावून उतरवलं, मंग?

सुंदरराव : सांग, ऊसच न्हाई, यंदा कारखान्याचा बॉयलर पेटत न्हाई. सुंदरराव म्हनला म्हन.