माडीवरची शेगडी

(आयोवा, मार्च १९१८. स्वयंपाकघरात चुलीपाशी दोघं बसलेत: म्हातारा टॉरवाल्ड आणि त्याची विधवा सून इंगा. मध्ये ओल्या भुशाची पसरट पेटी, त्यावर चौकटी आखलेलं फडकं.)

टॉरवाल्ड: तेहतिसावं घर?

इंगा: सहा दाणे. मोड एकालाही नाही.

टॉरवाल्ड: नीट बघ. फडक्याला चिकटून आला असेल.

इंगा: बघितलं, बाबा. कुजलेत. बोटानं दाबला की पिचतोय.

टॉरवाल्ड: चौतिसावं?

इंगा: एकाला आलाय. केसाएवढा.

टॉरवाल्ड: त्याला मोड म्हणत नाहीत. शून्य लिहितो. हाल्वरनंही शून्यच लिहिलं असतं. एका कणसाचे सहा दाणे घालायचे, सहाच्या सहा उगवले तर ते कणीस बियाण्याला, नाहीतर डुकरांना. असला खडूस पोरगा माझा.

इंगा: थांबू या का आता? चार पेट्या अशाच गेल्या. हीसुद्धा जाणार.

टॉरवाल्ड: तुला काय ठाऊक? अकरा वर्षं निवडून निवडून त्यानं मक्याची ही जात सांभाळली. यंदा कापणीआधीच थंडी पडली आणि सगळ्यांचं बी गोठलं. काल शेजारचा नेल्सेन येऊन गेला, म्हणाला, हाल्वरची माडीवरची कणसं तरी शाबूत असतील. रविवारी चर्चमध्ये तिघांनी विचारलं. काय सांगू त्यांना?

इंगा: सांगा, सुनेनं मारलं.

टॉरवाल्ड: काहीतरी बोलू नकोस.

इंगा: खरं तेच बोलतेय. लष्करात गेला त्या दिवशी मला माडीवर घेऊन गेला होता. म्हणाला, कणसं अजून ओली आहेत, खडखड वाजेपर्यंत इथली शेगडी विझू द्यायची नाही. ओला दाणा गोठला की मेलाच. महिनाभर मी विझू दिली नाही, बाबा. मग ती तार आली.

टॉरवाल्ड: हं.

इंगा: छावणीतच आधी गोवर, मग न्यूमोनिया. लढाई बघायलासुद्धा मिळाली नाही त्याला. आपण दोघं स्टेशनवर त्याला आणायला गेलो. आगगाडी बर्फात अडकली, दोन दिवस तिथल्या बाकावर काढले. घरी आलो, तुम्ही चौघांबरोबर शवपेटी उतरवत होता आणि मी धावत माडीवर गेले. शेगडी गार. बादलीतल्या पाण्यावर बर्फ. परत पेटवली आणि खाली आले. तो दारात होता, आणि मी मका बघायला गेले होते. कुठल्या तोंडानं सांगू कुणाला?

टॉरवाल्ड: मला ठाऊक होतं.

इंगा: काय ठाऊक होतं?

टॉरवाल्ड: आपली घोडागाडी फाटकातून वळली तेव्हाच दिसलं. माडीच्या धुराड्यातून धूर नव्हता.

इंगा: आणि चार महिने एक शब्द बोलला नाहीत?

टॉरवाल्ड: मी काय बोलणार? जाताना नेल्सेनच्या बायकोला सांगायला मीच थांबलो होतो. गाईंचं दूध काढ म्हटलं, कोंबड्यांना दाणे टाक म्हटलं, कुत्र्याला खायला घाल म्हटलं. कुत्रं आठवलं मला, इंगा. शेगडी नाही आठवली.

इंगा: त्या दिवशी कुणाला आठवणार होती.

टॉरवाल्ड: हाल्वरला आठवली असती. चल, वाच पुढं. अर्ध्यावर सोडलेलं त्याला चालायचं नाही.

इंगा: पस्तीस, शून्य. छत्तीस, सदतीस, दोन्ही शून्य. अडतीसला दोन आहेत, पण वाकडे. एकोणचाळीस, शून्य.

टॉरवाल्ड: संपलं. या पेटीत एकोणचाळीसच कणसं होती.

इंगा: चाळीस, सहा.

टॉरवाल्ड: सहा काय?

इंगा: सहाला सहा. चांगले बोटाएवढे मोड आहेत. मुळंही आलीत.

टॉरवाल्ड: हे कुठलं कणीस? वहीत याचा नंबर नाही.

इंगा: त्याच्या सामानातून आलं होतं. लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेलं. छावणीतल्या पोरांना दाखवायला नेलं असणार, बघा आमचा मका म्हणून. बराकीतल्या शेगडीजवळ ठेवलं असेल, सुकून खडखड वाजत होतं. मी तसंच माझ्या पेटाऱ्यात ठेवलं. सहा दाणे काढताना जिवावर आलं होतं.

टॉरवाल्ड: पाचसहाशे दाणे निघतील. तेवढ्यानं काय होतंय? नेल्सेनला नाहीच म्हणावं लागणार. आपल्याही शेतात यंदा विकतचं बी पडणार. आणि त्याच्या शेजारी हे लावलं तर एका वाऱ्यात तिकडचे पराग येऊन जात बिघडली.

इंगा: मग टेकडीवर लावू. चर्चच्या मागे. तिथं चहूकडे नुसतं कुरण आहे, मक्याचं एक ताट नाही.

टॉरवाल्ड: तिथं कबरी आहेत.

इंगा: त्याच्या पायाशी जागा मोकळी आहे. पाद्रीबाबांना मी विचारते.

टॉरवाल्ड: चार ओळी बसतील. फार तर पाच.

इंगा: थांबा, लाकूड घालते. चूल विझत आलीय.

टॉरवाल्ड: बस तू. मी घालतो.