संध्याकाळी घाईत असणारं कुलूप

घासलेटच्या लायनीत उभी राहून नर्स कौसल्या कंटाळली होती. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या अतिया आणि तिची भाभी रुकय्या बोलायला लागल्या, तसे तिने कान टवकारले.

"भाभी, ते फिजिक्सचं पुस्तक रद्दीवाल्याला परत देते. खोटं आहे ते."

"शिकवायला कोण नाय, आणि तूच खोटं ठरवतेस?"

"त्यात लिहिलंय, दोरी तेवढीच असली तर झोक्याला वेळ तेवढाच लागतो. मी दोरीला कुलूप टांगून बघितलं. सकाळी बरोबर आलं. संध्याकाळी मात्र झोके लवकर उरकतात."

"वेळ मोजलास कशावर?"

"आपल्या पॉवरलूमवर. तेवढ्याच झोक्यांत त्याची किती खटखट होते, ते मोजत बसले."

"अगं, संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. तेव्हा लूम कसा चालतो?"

"रडत रडत..."

"मग?"

"या अल्ला! कुलूप घाईत नाय, लूमच हळू होतो!"

"आता देणार पुस्तक परत?"

"छे! पण मग मोजू कशावर? घरातल्या घड्याळाला सेकंदकाटा नाय."

"स्वतःची नाडी धर."

"तीपण आता पळायला लागलीय, भाभी!"

कौसल्येला राहवेना. तिने मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.

"याला सेकंदकाटा आहे. कुठं राहता तुम्ही?"