दुकानातला फोटो

कॅमेऱ्याचा विषय काढलात म्हणून सांगते. आमचा जुना कॅमेरा अकोट्याच्या पुलावर स्कूटरवरून पडून फुटला, तेव्हा आईची केमोथेरपी चालू होती. बाबांना नवा कॅमेरा घ्यायची घाई होती. आम्ही तिघं परवडेलसा छोटा डिजिटल कॅमेरा बघायला गेलो. केस गेल्यापासून आई फोटो काढूच देत नव्हती.

गुजराती दुकानदाराने नमुन्याचा कॅमेरा बाबांच्या हातात दिला आणि आईकडे बोट दाखवलं. ‘काका, बेननो ज फोटो पाडो ने.’

‘माझा कशाला? त्या पंख्याचा काढा,’ आई म्हणाली.

‘बेन, पंखो हसशे नहीं!’

आई खळखळून हसली आणि बाबांनी बटण दाबलं. स्क्रीनवर बघत म्हणाले, ‘हाच कॅमेरा घेऊ.’

दुकानदाराने बंद खोक्यातला नवा कॅमेरा दिला. घरी आल्यावर लक्षात आलं, फोटो दुकानातच राहिला.

‘उद्या घेऊन येतो,’ बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईला ताप चढला. दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही.

तेरावं झाल्यावर बाबांना घेऊन मी त्या दुकानात गेले. दुकानदाराने नमुन्याच्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो पाहिले. सगळे चेहरे अनोळखी. तो ओशाळला; जुने फोटो ते पुसून टाकायचे. ‘काका, जूना फोटा तो काढी नाखिये छीए. बेनना बीजा फोटा घेर हशे ने?’

‘छे ने, घणा छे,’ घरी आईचे दुसरे फोटो पुष्कळ आहेत, असं बाबांनी सांगितलं.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘पण एवढ्या दुखण्यातही ती हसली होती गं.’