नुसती टकटक

हॅलो?… हो, बोल… नाही गं, आत्ताच आले ऑफिसातून, बूटही काढले नाहीत अजून… वाचलास ना मेसेज?… हो. आई खोट्या गटात निघाली…

खोट्या म्हणजे… अगं, दोन गट होते त्या नैराश्यावरच्या उपचाराच्या अभ्यासात. एकाला खरं चुंबक, दुसऱ्याला नुसती टकटक. खुर्ची तीच, डोक्याला लावायची चुंबकाची कॉइल तशीच, आवाजही तोच. फक्त मेंदूपर्यंत काही पोचत नाही… नाही, डॉक्टरांनाही आजच कळलं.

फसवणूक कसली त्यात? सही करताना सांगितलं होतं की आम्हाला. आईच म्हणाली, काहीही लावा, मला काय फरक पडतो…

हो, हो… अगं ऐक ना. तू पाहिलंस कुठे तिला तेव्हा? बाबा गेल्यापासून भिंतीकडे तोंड. केस विंचरू म्हटलं तरी मान फिरवायची. आणि आता बघ, परवा माझ्या पँटची शिवण उसवली, तर हातातून ओढून घेतली. वर म्हणाली, जन्मभर कपडे शिवणाऱ्या बाईची लेक तू, आणि साधी शिवण घालता येत नाही? इतकं बरं वाटलं मला ती बोलणी खाताना…

नाटक?… कोण, आई?… म्हण बाई, तू लांबून काहीही म्हण. डॉक्टर म्हणाले, असं होतं. रोज सकाळी दवाखान्यात कुणीतरी आपली वाट बघतं, झोप लागली का विचारतं, कपाळाला हात लावतं… माणूस त्यानेही उठून बसतो. ते बरं होणं खरंच असतं. आणि सोमवारपासून तिला खरी कॉइल लावणार आहेत. उद्या स्वतः समोर बसवून नीट समजावणार होते…

काय?… परत सांग… तू फोन केलास तिला?… कधी, दुपारी?… आणि काय म्हणालीस?… "मशीन बंदच होतं, तुला उगाच वाटलं"… हसत?…

नाही, ओरडत नाहीये मी… हो, आई तुझीही आहे. वर्षातून चार दिवस असतेच की.

थांब. फोन धर जरा…

आई?… दिवा लावू का?… आई, मी काय म्हणते…

हं… आहेस?… पडलीये. जेवायचं नाही म्हणते. उद्या दवाखान्यातही यायचं नाही… विचारलं ना मी. म्हणाली, "मशीन खोटं, तर माझं बरं होणंही खोटंच गं. तुला उगाच हेलपाटे पडले."

नाही, तुझ्याशी बोलायचं नाही तिला… सॉरी म्हणून काय करू मी त्याचं? तू ये. तू सांगितलंस, आता तूच समजूत घाल. सोमवारी तिला खुर्चीत बसवायला तूच…

रजा नाही?… बरं… नाही, रागावले नाही. ठेवते.