चक्की कोणत्या कानात

विहंग : नाही नाही, तसं कोंबू नका. कान आधी वरून जरा मागं ओढायचा, मग इयरफोन हळूच फिरवत आत न्यायचा. थांबा, मी दाखव...

आत्या : बापू, तोंडानं सांगा. हात नका लावू. अजून काही ठरलं नाही.

विहंग : सॉरी आत्या. ती रबराची टोपी नीट बसली नाही तर ढोलाचा सगळा दम निघून जातो, म्हणून.

आत्या : तुमचं चालू द्या बाप्पा. मी काही ऐकून नाही राहिली. मी आपली तुरीच्या शेंगा सोलून राहिली.

कामिनी : बसली वाटतं आता.

विहंग : आत्यांचा आवाज येतो का?

कामिनी : येतो ना.

विहंग : मग नाही बसली. मोठी टोपी लावून बघू. माझ्याकडे डबाभर आहेत, सगळ्या मापाच्या.

आत्या : कानाच्या टोप्या, डबाभर! आमच्या ह्यांले डोक्याची एक पुरली जन्मभर.

कामिनी : आत्या, तू ऐकून नाही राहिली होती ना?

आत्या : कानावर पडते तं काय करू? अन् पोट्टेहो, खाली बुढे लोकं पार्किंग पाहून राहिले. पार्किंग पाहाले कितीक वेळ लागते? वर आले की दोघायले इचारतीन, हो का नाही. अन् तुम्ही अजून टोपीवरच.

विहंग : आत्या, हेच आमचं बोलणं आहे. मी कसा आहे ते यांना कळायचं असेल तर हे एकदा ऐकायलाच पाहिजे. मी दिवसभर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. खिडकीखाली ट्रक. एक रिव्हर्स घेतो, दुसरा त्याला शिव्या घालतो, तिसरा हॉर्नवर हात ठेवून झोपलेला. संध्याकाळी घरी येऊन हा प्लेअर लावतो तेव्हा मी माणसात येतो.

कामिनी : फोनवर नाही का ऐकता येत?

विहंग : फोनवर?

कामिनी : नाही, सहज विचारलं.

विहंग : फोनवर आवाज येतो. याच्यावर जागा येते. कोण कुठे बसलंय, किती मागे बसलंय, कळतं. पण त्यासाठी मेहनत लागते. वायर चांगली पाहिजे, फाइल दाबून लहान केलेली नको, चार्जिंगला लावून ऐकायचं नाही, शेजारी फोन ठेवायचा नाही. आणि इयरफोन आणल्या आणल्या कानात घालायचे नाहीत. आधी आठवडाभर नुसते वाजत ठेवायचे. आतला पडदा मोकळा होतो.

कामिनी : वाजत ठेवायचे म्हणजे कुठे?

विहंग : मी अलमारीत ठेवले होते.

आत्या : अलमारीत? अन् आत कोण होतं?

विहंग : कोणी नाही. शर्ट होते.

आत्या : हात् माय! आठ दिवस शर्टायले गाणे ऐकवले!

कामिनी : आत्या!

विहंग : हसू द्या त्यांना. माझी आईपण हसते. आता बघा, मी काय आणलंय. गाणं नाही, मारबतीची मिरवणूक आहे, पुतळा, ढोल, आरोळ्या, सगळं. मागच्या तान्ह्या पोळ्याला मी स्वतः दोन माइक लावून रेकॉर्ड केली. तुमचे बाबा मागच्या वेळी म्हणाले ना, आधी तुम्ही इतवारीत भैयाजींच्या पिठाच्या चक्कीजवळ राहायचात? माझा मित्र तिथलाच. तुमच्या जुन्या घराला लागून त्याचं घर. त्याच्या गॅलरीतून घेतली.

कामिनी : खरंच? आमच्या गल्लीतली मारबत?

विहंग : मुद्दाम आणली. डोळे मिटा. मिरवणूक कुठून आली, कुठे गेली, बोटानं दाखवता येईल तुम्हाला.

(कामिनी डोळे मिटून पूर्ण मारबत ऐकते. आत्या शेंगा सोलणं थांबवून तिच्या तोंडाकडे पाहते.)

विहंग : कसं वाटलं?

कामिनी : छान आहे.

विहंग : फक्त छान?

कामिनी : खूप छान.

विहंग : पण मधेच तुमच्या कपाळावर आठी पडली होती.

कामिनी : उन्हामुळे असेल.

आत्या : हो, ऊन लयच लागते या गॅलरीत.

विहंग : आत्या, डोळे मिटलेले होते त्यांचे. कामिनी, काही खटकलं का? सांगा ना.

आत्या : कामिने, मायनं काय सांगतलं होतं सकाळी?

विहंग : काय सांगितलं होतं?

कामिनी : आत्या, आता तूच फोडलं. आईनं सांगितलंय की आज नुसतं छान छान म्हणायचं. मागचं एक स्थळ माझ्या तोंडामुळे गेलं. तो मुलगा रंगवून सांगत होता, आसाममध्ये दार्जिलिंगला गेलो, सूर्योदय पाहिला. मी म्हटलं, दार्जिलिंग बंगालमध्ये आहे.

विहंग : आहेच बंगालमध्ये.

कामिनी : हो, पण त्याच्या आईचा निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण जरा जास्तच. माझी आई दोन दिवस जेवली नाही.

आत्या : मास्तरीण आहे ना गणिताची. चूक दिसली का हिचा हात लाल पेनाकडं जाते.

विहंग : मग माझ्याकडे काय चुकलं?

कामिनी : नाही सांगत.

विहंग : का?

कामिनी : कारण तुम्ही मला आवडले. दार्जिलिंगवाला नव्हता आवडला, तो गेला तं गेला. आज मले खरंच भेव वाटून राहिलं.

आत्या : घ्या. आवडल्याचंही सांगून टाकलं. काहीच ठेवत नाही पोटात!

विहंग : अहो, मग तर बिनधास्त सांगा. या सेटिंगवर मी दोन वर्षं घालवली आहेत. याच्यात चूक निघणारच नाही. मला राग कशाला येईल?

कामिनी : नक्की?

विहंग : नक्की.

कामिनी : मारबत उलटी येऊन राहिली.

विहंग : म्हणजे?

कामिनी : तिथल्या गॅलरीत उभं राहिलं की ती डाव्या हाताकडून येते अन् उजवीकडं जाते. तुमच्या याच्यात उजव्या कानातून आली अन् डाव्यातून गेली. लोकं ओरडून राहिले, इडापिडा घेऊन जा गे मारबत, अन् मारबत तं सगळं वापस गल्लीत घेऊन येऊन राहिली!

विहंग : शक्य नाही. त्या वर्षी रस्ता बदलला असेल. पोलीस वळवतात.

कामिनी : नाही वळवत त्या गल्लीत. वळायला जागाच नाही.

विहंग : मग तुमची आठवण चुकत असेल. लहानपणी पाहिलेलं...

कामिनी : लहानपणी? दोनच दिवाळ्या झाल्या आम्हाला इतवारी सोडून इथं बेशाच्या फ्लॅटमध्ये येऊन. अन् मारबतीचं राहू द्या. मागं चक्की वाजून राहिली, ऐकली का तुम्ही?

विहंग : ती घरघर ना? हो. मला वाटलं जनरेटर आहे.

कामिनी : भैयाजीची चक्की आहे ती. मारबत येवो का मंत्री येवो, भैयाजी दळण थांबवत नाही. गॅलरीतून चक्की डाव्या हाताला. तुमच्या याच्यात ती उजव्या कानात. मिरवणूक फिरवली असंल पोलिसांनी, पण चक्की कोणी उचलून पल्याड नेली?

आत्या : हे मात्र खरं हो बापू. चक्की जाग्यावरच आहे. मीच गेल्या महिन्यात ज्वारी दळून आणली.

विहंग : थांबा. एक मिनिट. याच्यात तपासायची एक फाइल असते. बाई इंग्रजीत सांगते, लेफ्ट, राइट. मी कधी लावली नाही. ती नवशिक्यांसाठी असते.

कामिनी : लावा ना मग.

विहंग : लावतो. द्या इकडे... लेफ्ट म्हणाली.

कामिनी : कोणत्या कानात?

विहंग : उजव्या. अबे यार! उजव्या कानात लेफ्ट म्हणून राहिली! नवी वायर लावली तेव्हा मी दोन्ही पिना उलट्या खोचल्या, डावी उजव्यात, उजवी डाव्यात. दोन वर्षं! दोन वर्षांपासून मी उलटं ऐकून राहिलो! काहून समजलं नाही मले?

आत्या : घ्या. इतका वेळ पुस्तकावाणी बोलत होते. आता आले नागपुरात.

कामिनी : जाऊ द्या हो. होतं असं.

विहंग : तुम्हाला नाही कळत. आमचा ग्रुप आहे, चांगलं ऐकणाऱ्यांचा. मी अॅडमिन आहे. नवीन माणसाला आवाज कसा लावायचा ते मी शिकवतो. आणि मधुकरराव म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ आहेत. परवा माझ्या घरी येऊन ऐकून गेले आणि ग्रुपवर लिहिलं, विहंग, तुझ्याकडे तबला भलत्याच बाजूला बसलाय.

कामिनी : मग तुम्ही काय म्हटलं?

विहंग : काही नाही.

कामिनी : काही नाही?

विहंग : काढून टाकलं त्यांना. ग्रुपमधून. आज सकाळी.

कामिनी : आत्या, शेंगा उचल. आत जाऊ.

विहंग : का? काय झालं?

कामिनी : तुम्ही म्हटलं होतं राग नाही येत. अन् चूक सांगणाऱ्याले सरळ बाहेर काढता. ते तं आठवड्यातून एकदा सांगत असतीन. मी रोज सांगीन. सकाळी उठल्यापासून सांगीन. चहात साखर जास्त आहे म्हणीन, गाडी चुकीच्या गिअरमध्ये आहे म्हणीन. मग मले कुठून काढसान?

आत्या : कामिने, चूप बस वं. पाव्हणा आहे.

कामिनी : नाही बसत. आज चूप बसली तं जन्मभर बसा लागंल.

विहंग : दोन मिनिटं थांबता का? एक फोन करतो. फक्त दोन मिनिटं. मग जायचं तर जा... हॅलो, काका? विहंग बोलतोय. नाही, ठेवू नका, भांडायला नाही केला. तबल्याचं तुम्ही खरं सांगितलं होतं. हो. पिना उलट्या होत्या. नव्या वायरीपासून... हसा. हसा काका, पोटभर हसा. मी आत्ता परत घेतो तुम्हाला, आणि तिथं लिहितो सगळ्यांसमोर, की चूक माझी. नाही, मला नाही सापडली. कामिनीनं सांगितलं... कोण म्हणजे? ते... ते ठरायचं आहे काका. माझ्याच हातात असतं तर सांगितलं असतं. आत्ता ती निघायच्या तयारीत आहे. बरं. बरं, सांगतो तिला.

कामिनी : काय म्हणाले?

विहंग : म्हणाले, तिला ग्रुपचं अॅडमिन कर.

आत्या : करा, करा. पण आधी खालच्यायले काय सांगाचं थे ठरवा. लिफ्टचा आवाज येऊन राहिला.

विहंग : मी पिना बदलल्या. कामिनी, जायच्या आधी एकदा ऐकता? चक्कीपुरतंच.

कामिनी : द्या.

विहंग : बसली टोपी?

कामिनी : बसली. श्... हो. डाव्या हाताला. पट्टा कसा फटफट करून राहिला, ऐका. अन् आता आली मारबत, चक्कीकडूनच आली. थे पहिल्या मजल्यावरची काकू नाही का ओरडून राहिली, तिच्या पोराले. मले लय आठवण येते हो त्या गल्लीची. इथं सगळं नवं आहे, लिफ्ट आहे, पण खालून कोणी ओरडत नाही.

विहंग : रडताय?

कामिनी : हो. काय झालं? रडू आलं तं रडून राहिली. घ्या, तुम्ही ऐका आता. पहिल्यांदा सरळ ऐकसान.

विहंग : ...अरे बाप! मी गॅलरीत उभा होतो तेव्हा अगदी हेच होतं. हेच!

आत्या : दार वाजून राहिलं. उघडू का?

कामिनी : थांब ना जरा. विहंग, एक सांगायचं होतं. या आवाजातलं नाही, आपल्या दोघांतलं.

विहंग : थांब, हे कानातलं काढतो. हं. सांग.